शिवेवरचं शून्य

जगातल्या बहुतेक गोष्टींची मला खात्री नसते. दाराला कुलूप लावलं की नाही हे पाहायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येतो. दुकानात कुणी माझ्या पायावर पाय दिला, तर माफी मीच मागतो. पण एक गोष्ट मात्र छाती पुढे काढून सांगतो. रदरडेल मतदारसंघाची शीव कुठून कुठे जाते आणि तिथून कधी कोण निवडून आलं, हे माझ्याइतकं सबंध स्कॉटलंडमध्ये कुणाला ठाऊक नाही! मला झोपेतून उठवून विचारा! (अजून कुणी उठवलेलं नाही, हे खरं.)

या विषयावर मी एक पुस्तकही लिहिलंय. ड्रमेलशॉच्या, म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाने त्याची एक प्रत ठेवून घेतली. पुढच्याच वर्षी वाचनालय बंद पडलं. दोन्हींचा काही संबंध नसावा, असं मी स्वतःला समजावतो.

आमचा मतदारसंघ नकाशावर एखाद्याने वर बसून चेपलेल्या टोपीसारखा दिसतो. माझ्या आजोबांच्या काळी तो चांगला भरल्या पोत्यासारखा होता. मग एडिंबरोहून दर काही वर्षांनी सीमा आयोग येऊ लागला. सगळीकडे मतदारांची संख्या सारखी हवी म्हणून त्यांनी एकदा आमचं तळं काढून घेतलं आणि एकदा बदल्यात माळरान दिलं. माळरानावर मेंढ्या पुष्कळ, पण मेंढ्यांना मत नाही. "असतं तर निदान सगळ्यांनी मिळून एकालाच दिलं असतं," असं माझी बहीण इफी म्हणते.

इथून आधी उदारमतवादी निवडून येत, मग हुजूर पक्षाचे आले, मग मजूर पक्षाचे, मग पिवळ्या झेंड्याचे स्कॉटिश राष्ट्रवादी. एकदा तर आमचा खासदार इतक्या थोडक्यात वाचला, की त्याने नाताळला घरोघर आभाराची कार्डं पाठवली. मला आणि इफीलाही आली. खरं तर त्याच्या विजयात आम्हा दोघांचा वाटा शून्य होता.

हे शून्य आमच्या घराण्याचं आहे. वडील गिरणीत कामाला होते, ते मजूर पक्षाचे. आई जमीनदाराच्या हवेलीत स्वयंपाकीण होती, ती हुजूर पक्षाची. निवडणुकीच्या दिवशी दोघं हातात हात घालून जात, एकमेकांचं मत खोडून येत आणि मग बार्लीचं सूप पीत. ते गेल्यावर वडिलांचं मत मला मिळालं आणि आईचं इफीला. तेव्हापासून दर निवडणुकीला आम्ही दोघं बरोबर जातो, मी मजूर पक्षाला देतो, ती हुजूर पक्षाला देते, आणि मग तिच्या स्वयंपाकघरात सूप.

"मग दोघं घरीच का नाही बसत?" असं लोक विचारतात. "बेरीज तीच ना!"

"आणि हा मागच्या दाराने गुपचूप जाऊन मत देऊन आला तर?" असं इफी म्हणते.

इफी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचा नवरा गेल्यापासून ती एकटी राहते, आणि मी तर जन्माचाच एकटा. आमची घरं समोरासमोर आहेत. मधे क्लॅटर नावाचा ओढा आहे. ओढा म्हणायचं ते मानाने! उन्हाळ्यात त्यातून बदकंसुद्धा चालत जातात. इफीला माझ्याशी भांडायचं असलं, की ती पीठ लागलेल्या हातांनी दोन दगडांवर पाय देते आणि माझ्या दारात येते. रोज येते.

तर एका सकाळी मी सॉसेज आणायला वॉटी नोबलच्या दुकानात गेलो. वॉटी आमच्या गावचा खाटीक, आणि शिवेच्या फेरीच्या समितीचा अध्यक्ष. हातात सुरी आणि पुढ्यात वर्तमानपत्र, असा तो उभा होता.

"आर्ची," तो म्हणाला, "तू आता गॅलबर्नचा झालास!"

मी काउंटर धरला. गॅलबर्न! त्या गावच्या माणसाला आम्ही रस्तासुद्धा धड सांगत नाही. रग्बीच्या सामन्यात त्यांनी आमच्या आजोबांचे दात पाडले, आणि आमच्या आजोबांनी त्यांच्या आजोबांचे.

"काय म्हणतोस!"

"सीमा आयोगाचा प्रस्ताव आलाय. गॅलबर्न मतदारसंघात माणसं कमी पडतात. म्हणून नवी शीव क्लॅटरच्या मधोमध! ओढ्याच्या अलीकडचे, म्हणजे तू, मी, चर्च, हे दुकान, सगळे गॅलबर्नमध्ये. पलीकडचे रदरडेलमध्येच."

"आणि मी?" मागून आवाज आला. इफी दारात उभी होती.

"तू पलीकडची, इफी. तू होतीस तिथेच."

इफीचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं मत आता मोकळं? खोडायला कुणी नाही? अरे वा! जन्मात पहिल्यांदा ते मोजलं जाईल!" मग ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझंही मोकळं?"

"हो, बहुतेक," मी म्हणालो.

"गॅलबर्नमध्ये मजूर पक्षाची स्थिती काय असते रे?"

आता हा माझा विषय! "नेहमी काठावर," मी उत्साहाने म्हणालो. "मागच्या खेपेला तर फेरमोजणी झाली. थोडक्यात हुकलं! एखाददुसऱ्या मतानेसुद्धा..."

"म्हणजे तुझ्या मताने मजूर पक्षाचा माणूस निवडून यायचा?"

"शक्यता आहे खरी."

इफीने पिशवी काउंटरवर आपटली. "मेले तरी हे होऊ देणार नाही!"

मलाही धास्ती होती, पण तिच्या मताची. ते असं रदरडेलभर मोकाट फिरणार! पाठीमागे कुणी नाही! वडिलांना काय वाटलं असतं?

"म्हणजे लढायचं!" वॉटी ओरडला आणि त्याने सुरी लाकडात रोवली. "आमच्या गावाचे दोन तुकडे? मी बकऱ्याचेसुद्धा विचारून करतो!"

जनसुनावणी तालुक्याच्या सभागृहात होती. आयोगाचे अधिकारी मिस्टर क्रॉम्बी टेबलामागे बसले होते. सभ्य, सडपातळ गृहस्थ. पेन्सिलीला इतक्या नीट टोक काढत होते, की माणसाला उगाच अपराधी वाटावं. गावाने बोलायला मला पुढे केलं होतं. मी आधी तीनदा नाही म्हणालो, पण माझं नाही कुणाला ऐकूच गेलं नाही.

मी उभा राहिलो. कागद तोंडासमोर धरला. खरं सांगायचं तर मी त्याच्यामागे लपलो.

"महोदय," मी म्हणालो, "इतिहास पाहता..."

"मोठ्याने बोल!" मागून इफी ओरडली.

"इतिहास पाहता क्लॅटर ही कधीच..."

"अरे, चर्चमध्ये आहेस का? मोठ्याने!"

मिस्टर क्रॉम्बी नम्रपणे म्हणाले, "मिस्टर प्रिंगल, आमच्या मते क्लॅटर ही नैसर्गिक सीमा आहे. पाण्याचा प्रवाह दोन वस्त्यांना वेगळं करतो."

नैसर्गिक सीमा! आता मी शांत माणूस आहे. पण इफी मागून ओरडत होती, समोरून हे माझ्या ओढ्याला सीमा म्हणत होते, आणि मधे माझी आयुष्यभराची माहिती चेंगरली जात होती. काय झालं ते कळलं नाही, पण माझ्या तोंडून आवाज निघाला. मोठा!

"सीमा? तो ओढा? साहेब, मी तो सपाता घालून ओलांडीन! हातात चहाचा कप घेऊन! आणि थेंबभर सांडणार नाही! या एकदा ड्रमेलशॉला!"

सभागृहात टाळ्या पडल्या. मी घाबरून खाली बसलो.

"येईन ना," मिस्टर क्रॉम्बी म्हणाले आणि पेन्सिल उचलली. "कधी येऊ?"

"शिवेच्या फेरीच्या दिवशी!" वॉटी गरजला.

आमच्याकडे जूनमध्ये गावची शीव घोड्यावरून फिरतात. पूर्वी शेजारचे लोक रात्रीतून शिवेचे दगड सरकवत. म्हणून दरवर्षी सगळ्यांनी जाऊन दगड जागेवर आहेत का ते पाहायचं, ही रीत. पुढे झेंडा घेऊन निशाणदार, मागे गाव. वरच्या अंगाला, क्लॅटरकाठच्या मोठ्या दगडाशी निशाणदार उतरतो, कुदळीने गवतासकट मातीचं एक ढेकूळ कापतो आणि "शीव आमची!" म्हणून ओढ्यात फेकतो. एकच ढेकूळ. हे लक्षात ठेवा.

समितीची बैठक वॉटीच्या दुकानामागच्या खोलीत भरली.

"यंदा फेरी अशी झाली पाहिजे, की एडिंबरोपर्यंत धूळ उडेल!" वॉटी म्हणाला. "काय करता येईल?"

कुणी फटाके म्हणालं, कुणी दुसरा बॅगपाइप. आणि मग मला माहितीची उबळ आली. ती मला कधीही येते. एरवी मी ती गिळतो.

"खरं म्हणजे," मी म्हणालो, "अगदी जुन्या काळी फक्त निशाणदार ढेकूळ कापत नसे. प्रत्येक घर आपापलं कापून ओढ्यात टाकत असे. असं वाचल्याचं आठवतं. चूक असेन कदाचित..."

"प्रत्येक घर!" वॉटी उठून उभा राहिला. "ऐकलंत? प्रत्येक घर! आर्ची, तू हिरा आहेस!"

मला आजवर कुणी हिरा म्हटलं नव्हतं. मी त्या नशेतच होतो. तेवढ्यात समितीच्या लक्षात आलं की यंदाच्या निशाणदाराचा घोटा रग्बी खेळताना मुरगळलाय, आणि गावातली बाकीची अविवाहित पोरं कामासाठी ग्लासगोला गेलीत. निशाणदार अविवाहित लागतो.

"नियमात वय लिहिलेलं नाही," इफी सावकाश म्हणाली. "अविवाहित एवढंच लिहिलंय." सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. "बघ आर्ची, तुझी इतकी वर्षं फुकट गेली नाहीत!"

"मला घोड्यावर बसता येत नाही!"

"सगळं काम घोडाच करतो ना? तू नुसता वर राहा."

माझा घोडा म्हणजे डचेस. वॉटीच्या मेहुण्याची घोडी. रुंदीला सोफ्यासारखी, स्वभावाने पेन्शनीत निघालेल्या मुख्याध्यापिकेसारखी. फेरीच्या दिवशी चौघांनी मिळून मला वर चढवलं. एका हातात झेंडा, पायात सपाता. फेरी संपल्यावर लगेच ओढा ओलांडून दाखवायचा होता ना! गावचा बॅगपाइप वाजू लागला. डचेस जरा वेळ माझा अंदाज घेत उभी राहिली आणि मग माझा विचार न घेता चालायला लागली.

वरच्या दगडाशी मी खाली घसरलो. उतरलो असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. मी ढेकूळ कापलं आणि फेकलं. "शीव आमची!" माझा आवाज बरा लागला होता.

आणि मग गाव सुटलं! प्रत्येक घराने कुदळ आणली होती. वॉटीने तर दुकान, घर आणि गोदाम अशी वेगळी ढेकळं धरली. धर्मगुरूंनी चर्चतर्फे एक टाकलं. ज्या घरात नवराबायकोत बोलणं नाही, त्यांनी दोन टाकली. कुणी चिडून उशीएवढी कापली, कुणी गादीएवढी! "हे घ्या आयोगाला!" धप्प! "हे गॅलबर्नला!" धप्प! मी आयुष्यात इतकी माती एवढ्या आनंदाने उडताना पाहिली नाही. ढेकळं पाण्यात पडत, गरगर फिरत आणि हिरव्या बोटींसारखी खाली गावाकडे निघत. किती सुंदर दिसत होतं ते! ती पुढे कुठे जातात, हा विचार कुणीही केला नाही.

ती कुठे जातात ते सांगतो. माझ्या आणि इफीच्या घरापासून थोडं खाली ओढ्यावर एक जुना दगडी पूल आहे. त्याला एकच कमान. तीही बुटकी.

फेरी गावात परतली. मला पुन्हा चौघांनी घोडीवर चढवलं होतं आणि मी झेंडा सांभाळत माझ्या घराच्या कोपऱ्यावरून वळलो.

ओढा नव्हता.

ओढ्याच्या जागी तळं होतं! माझे कोबीचे वाफे पाण्याखाली. इफीचं कुंपण पाण्याखाली. पुलाकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी पाण्याखाली. पुलाच्या कमानीत हिरवीगार गवताची भिंत उभी होती. जणू कुणी कमानीला हिरवळीची गादी लावून बंद केलंय. आणि पलीकडच्या काठावर, इफीच्या दाराशी, छत्री घेऊन मिस्टर क्रॉम्बी उभे होते.

"सुप्रभात, मिस्टर प्रिंगल!" त्यांनी हाक मारली. "हाच का तो ओढा? सपाता घालून ओलांडायचा?"

"हाच," मी म्हणालो. "सकाळी तो एवढा नव्हता."

"निसर्ग!" मिस्टर क्रॉम्बी म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

"निसर्गबिसर्ग काही नाही, साहेब!" वॉटी माझ्या मागून ओरडला. "हे आम्ही केलंय! अख्ख्या गावाने मिळून!"

"म्हणजे रहिवाशांनी स्वतःहून सीमा रुंद केली?" मिस्टर क्रॉम्बींनी तेही लिहून घेतलं.

मी डोळे मिटले. गाव माझ्यावर अवलंबून होतं, आणि मी गावाला बुडवलं होतं, तेही जवळजवळ शब्दशः! परत घरी जावं, दार लावावं, लावलं की नाही ते दोनदा पाहावं, आणि पुन्हा बाहेर येऊच नये, असं वाटलं.

तेवढ्यात पलीकडून इफी ओरडली. "काय रे आर्ची? गेलास ना गॅलबर्नला? जा! मजूर पक्षवाले हार घालतील! मी इथे एकटीच सूप पिईन!"

आणि कसं सांगू! माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "चहा आणा!"

"काय?"

"चहा! कपात! भरून!"

शेजारणीने कप आणून दिला. मी झेंडा वॉटीला दिला, कप धरला, सपाता टाचेत घट्ट बसवल्या आणि डचेसला सांगितलं, "चल."

डचेस पाण्यात उतरली! गावाने आरोळी ठोकली! पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं, मग पोटापर्यंत. माझ्या सपाता भिजल्या. आम्ही अगदी मधोमध आलो. आणि तिथे डचेस थांबली, मान खाली घातली आणि पाणी पिऊ लागली.

"चल!" मी म्हणालो.

डचेस पीत राहिली. फेरीत तिला घाम आला असावा.

मिस्टर क्रॉम्बींनी चष्मा पुसला. "मिस्टर प्रिंगल, प्रस्तावित रेषा तुमच्या घोडीच्या बरोबर मधून जाते. सध्या तुम्ही दोन्ही मतदारसंघांत आहात."

"आर्ची! खाली उतर!" इफी ओरडली.

"उतरता येत नाही!"

"मग चढलास कशाला?"

"तूच चढवलंस!"

"मी? मी फक्त नियम वाचला! थांब तिथेच, मूर्खा!"

आणि इफी पाण्यात शिरली. गमबूट, स्वयंपाकाचा एप्रन, हातात सुपाचा डाव. गमबुटात पाणी शिरलं तशी ती जड होत गेली, पण थांबली नाही. तिने येऊन डचेसला मागून डावाने एक फटका दिला. डचेसने आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. ती एकदम पलीकडे निघाली, आणि मी निघालो नाही. मी होतो तिथेच राहिलो, फक्त आता खाली घोडी नव्हती.

मी छातीभर पाण्यात उभा राहिलो. शेजारी इफी, तीही छातीभर.

"सपाता कुठे गेल्या तुझ्या?" तिने विचारलं.

"गॅलबर्नला," मी म्हणालो.

ते पाहून वॉटी पाण्यात उतरला. "आपली माणसं पाण्यात आहेत!" तो ओरडला, तसं दोन्ही काठांवरून अख्खं गाव पाण्यात शिरलं. कुणी आम्हाला धरायला आलं, कुणी ढेकळं उपसायला, कुणी नुसतंच मत मांडायला. "इकडून काढ!" "तिकडून खेच!" "अरे, माझा पाय आहे तो!" वॉटीने मांस टांगायच्या आकड्याने कमानीतलं मोठं ढेकूळ ओढलं, आणि हिरवी भिंत भसकन फुटली! पाणी पुलाखालून ओरडत निघून गेलं. क्षणभरात आम्ही सगळे चिखलात उभे होतो, आणि आमच्या पायांमधून क्लॅटर पुन्हा बदकं चालतील असा वाहू लागला.

माझ्या हातात कप अजून होता. चहा सांडला नव्हता. उलट वाढला होता.

आणि तेव्हा, अंगभर चिखल, पाय अनवाणी, अशा अवस्थेत मी मिस्टर क्रॉम्बींकडे वळलो. मी घाबरलो नव्हतो, हे मलाच विचित्र वाटलं.

"लिहा साहेब!" मी म्हणालो. "या काठाला मी राहतो, त्या काठाला ही राहते. माझ्याशी भांडायला ही रोज हा ओढा ओलांडून येते. आज बुडत आली, पण आली! तुमची रेषा काढा, पण हिला ती दिसणार नाही. तुम्ही माणसांची संख्या मोजता. आमच्या गावात प्रत्येकाला खोडायला समोर एक माणूस आहे, म्हणून हे गाव आहे! त्यातला एक तिकडे आणि एक इकडे केलात, तर उरतील ती नुसती मतं!"

 इफीने नाक शिंकरलं. "मोठ्याने बोललास," ती पुटपुटली. तिच्याकडून ही मोठीच स्तुती.

मिस्टर क्रॉम्बी बराच वेळ लिहीत होते. जाताना त्यांनी माझा चिखलाचा हात हातात घेतला. "मी हे विसरणार नाही," ते म्हणाले.

विसरले नाहीतच. शरद ऋतूत आयोगाचा अंतिम अहवाल आला. वॉटीने तो दुकानात मोठ्याने वाचला. "प्रत्यक्ष पाहणीत असे आढळले की ड्रमेलशॉचे रहिवासी वाहत्या पाण्यातही परस्परांशी निकट संपर्क ठेवतात, मग तो बव्हंशी वादाच्या स्वरूपात का असेना. सबब, या गावाचे विभाजन करणे सर्वथा अनुचित होईल."

दुकानात जल्लोष झाला! कुणीतरी माझी टोपी उडवली. इफीने मला मिठी मारली, म्हणजे कोपराने ढकललं.

"थांबा," वॉटी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "पुढे आहे अजून. 'तसेच गॅलबर्न मतदारसंघातील मतदारांची कमतरता ध्यानी घेता, ड्रमेलशॉ हे गाव संपूर्णपणे गॅलबर्नमध्ये समाविष्ट करण्यात येत आहे.'"

कुणीतरी माझी टोपी मला परत आणून दिली. काउंटरवरचं सॉसेजसुद्धा उदास दिसलं.

मग वॉटीने तो अहवाल घेतला, त्यात अर्धा किलो काळीज बांधलं, आणि जाहीर केलं, "मी उभा राहणार! अपक्ष! 'ड्रमेलशॉ परत द्या!' गावातलं एकेक मत मला! शपथ घ्या!"

गावाने शपथ घेतली. दुकानाच्या फरशीवर, वॉटीच्या सुरीवर हात ठेवून. वॉटीने एकेक नाव विचारून शपथा मोजल्या, एकही सोडली नाही. इफीने घेतली. मीही घेतली.

"म्हणजे यंदा आपण दोघंही एकालाच मत देणार," घरी परतताना, दोन दगडांवरून ओढा ओलांडताना इफी म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "दोन मतं होतील."

"दोन!" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "विचित्र वाटतंय ना?"

वसंतात निवडणूक आली. आम्ही नेहमीसारखे बरोबर निघालो, गावच्या सभागृहात पोहोचलो. मी पडद्यामागे गेलो. मतपत्रिकेवर नोबल, वॉल्टर (म्हणजे आमचा वॉटीच), अपक्ष, हे नाव ठळक दिसत होतं. मी दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली. मनात वॉटी होता, गाव होतं, क्लॅटर होता, गॅलबर्नचा राग होता. मी पेन्सिल टेकवली. फुली मारली.

आणि मग पाहिलं की ती कुठे मारली.

तो हात माझा नव्हता हो! तो वडिलांचा होता! इतक्या निवडणुकांची सवय, पेन्सिल सरळ मजूर पक्षावर गेली, दूधवाल्याचा घोडा जसा न सांगता दारादारात थांबतो तशी! आता करणार काय? दुसरी मतपत्रिका मागायची म्हणजे मतदानाच्या टेबलावरच्या बाईंना कारण सांगावं लागणार. मला तर टपाल कचेरीत तिकीट मागायलाही धीर लागतो. मी कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली.

इफी बाहेर डोक्याला रुमाल बांधत उभी होती. नेहमीपेक्षा घट्ट बांधत होती.

"दिलंस?" मी विचारलं.

"दिलं. तू?"

"दिलं."

"वॉटीलाच ना?"

"इफी, मत गुप्त असतं."

"असतं खरं," ती लगेच म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. सूप पिताना आम्ही दोघंही हवामानाबद्दलच बोललो.

वॉटी पडला, ते सगळ्यांना अपेक्षित होतंच. गॅलबर्नच्या एकाही माणसाने त्याला मत दिलं नाही, तेही अपेक्षित होतं. पण त्याला गावाच्या शपथांपेक्षा दोन मतं कमी पडली. नेमकी दोन! तेव्हापासून वॉटी प्रत्येक गिऱ्हाइकाला सुरी रोखून विचारतो, "कोण ते दोघं? मला फक्त नावं सांगा!" मी त्या वेळी किमा निरखत असतो. इफी छताकडे पाहत असते.

तर सांगायचं हे, की आयोगाने आमचं तळं नेलं, माळरान दिलं, गाव उचलून शत्रूच्या झोळीत टाकलं. पण आमच्या आईवडिलांचं शून्य मात्र कुणाच्या बापाला हलवता आलेलं नाही! ते जिथल्या तिथे आहे, आणि आम्ही दोघं आहोत तोवर तसूभरही सरकणार नाही! या म्हणावं एडिंबरोहून पुन्हा!

फक्त हल्ली मटण मात्र आम्ही गॅलबर्नहून आणतो. तिथे कुणी काही विचारत नाही.